काठाची रुंदी

ओढ्याकाठचं एखादं पाणकणीस मुळासकट उपटून पाहावं. काळा चिखल वर येतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. तो हळूहळू धुऊन काढला की मुळांच्या अंगावर गंजाच्या रंगाचा पातळ लेप दिसतो. चिखल काळा असतो कारण त्यात प्राणवायू नसतो. लेप तांबूस असतो कारण पाणकणसाच्या पोकळ पानांतून खाली उतरलेली हवा मुळांतून थोडी पाझरते आणि चिखलातल्या लोहाला गंज चढवते. काळ्या चिखलात आणि तांबूस लेपात ज्वारीच्या दाण्याइतकंही अंतर नसतं, पण सूक्ष्मजीवांच्या लेखी ते दोन वेगळे मुलूख आहेत. तांबूस बाजूचे जीव सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. काळ्या बाजूच्या जीवांना प्राणवायू मिळत नाही म्हणून ते नायट्रेटवर श्वास भागवतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. युरियातून आणि मैल्यातून पाण्यात आलेला नायट्रोजन असा पाण्याबाहेर पडतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात याच कामासाठी टाक्या बांधाव्या लागतात, हवा फुंकणारी यंत्रं लावावी लागतात आणि विजेचं बिल भरावं लागतं.

हे काम फुकट होतं, पण कुठेही होत नाही. पाणी उथळ हवं, संथ हवं, थोडा वेळ थांबणारं हवं, चिखल ओला राहायला हवा आणि त्यात झाडोरा हवा. नदीच्या धारेत यातलं काही नसतं आणि कोरड्या रानातही नसतं. सगळं एकत्र सापडतं ते काठावर. नकाशात काठ एका निळ्या रेघेने दाखवतात, त्यामुळे त्याला लांबी असते आणि रुंदी नसते असा आपला समज होऊन बसला आहे. प्रत्यक्षात मे महिन्यातल्या पाण्याची कड आणि ऑगस्टातल्या पाण्याची कड यांच्यामध्ये जे पसरलेलं असतं ते सगळं काठच. कोकणातल्या खाडीला ही रुंदी दिवसातून दोनदा भरते आणि ओसरते. विदर्भातल्या तलावात ती वर्षातून एकदा हलते. देशावरच्या ओढ्याला ती पुराच्या काही तासांपुरती मिळते. पाणथळी, ओढे आणि किनारे पुन्हा जिते करण्याची जी विद्या गेल्या पाऊणशे वर्षांत उभी राहिली, तिचा सारा खटाटोप ही रुंदी परत मिळवण्याचा आहे. हे पुस्तक त्या विद्येची मराठी वाचकाला ओळख करून देतं. त्यात शिरण्याआधी तिचा साधारण नकाशा हाती असावा, म्हणून ही प्रस्तावना.

सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण काठ आपण आधी भाषेत गमावला आणि मग जमिनीवर. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पोटखराबा नावाचा एक रकाना असतो. खडकाळ, चिबड, ओढ्यानाल्याखालची जमीन मोजणीतून वजा करून त्यात टाकतात, आणि तिच्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही. जिचा आकार शून्य तिची किंमतही शून्य, असं मग सगळ्यांनाच वाटू लागलं. दलदल म्हटलं की डास आणि हिवताप, खाजण म्हटलं की पडीक जागा, ओढा म्हटलं की गटार. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेने १८५० च्या सुमारास कायदे करून सरकारी दलदली राज्यांच्या ताब्यात दिल्या, त्या सुकवून लागवडीखाली आणाव्यात म्हणून. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक पाणथळी १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत नाहीशा झाल्या. मुंबई शहर तर भरावावरच उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीला काठ किती उरला होता ते कळलं.

अलीकडच्या काळात या यादीत एका शब्दाची भर पडली आहे. टंचाईच्या वर्षांत गावोगाव नाल्यांचं 'खोलीकरण-रुंदीकरण' झालं. पोकलेन लावून ओढ्याचा चर केला, वाळू काढली, काठची करंजं-उंबरं पाडली आणि माती दोन्ही अंगांना ढिगाऱ्यासारखी लावली. चरात पाणी साठलं, काही विहिरींना उतरलंही, हे नाकारायचं कारण नाही. पण शेतातून वाहून येणारी माती आणि खत अडवणारा गवताचा, झाडांचा पट्टा त्यात गेला. नाला रुंद झाला आणि काठ अरुंद झाला. या पट्ट्याची किंमत अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात मोजली गेली आणि तो अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटरजॉन आणि कॉरेल या दोन संशोधकांनी मक्याचं शेत आणि ओढा यांच्यामधली झाडी तपासली, तेव्हा शेतातून निघालेल्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा ओढ्यापर्यंत पोचण्याआधीच त्या झाडीत थांबत होता. पुढे जगभर ओढ्याकाठी झाडीचे पट्टे राखण्याची धोरणं आली, त्यांच्या मुळाशी अशी मोजमापं आहेत.

या क्षेत्राचा इतिहास दोन धाग्यांनी विणलेला आहे. पहिला धागा पक्ष्यांमुळे सुरू झाला. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यामागे पाणपक्ष्यांची काळजी मोठी होती. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं, पुढे लोणार आणि ठाणे खाडी आली, गोव्यातून नंदा तळं आलं. दुसरा धागा सांडपाण्याचा आहे. जर्मनीत केटे सायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात पाणगवतं घाण पाणी शुद्ध करू शकतात का हे प्रयोगाने तपासायला सुरुवात केली. त्या काळी ते अनेकांना विक्षिप्त वाटलं. आज बांधीव पाणथळ हे अभियांत्रिकीचं मान्य अंग आहे. नागपूरच्या नीरी संस्थेचं 'फायटोरिड' तंत्र याच वंशातलं. पुण्याच्या संदीप जोशी यांचा 'ग्रीन ब्रिज' उदयपूरच्या आहड नदीत उभा राहिला, तोही याच घराण्यातला. पक्षी मोजणारे आणि मैला मोजणारे बराच काळ एकमेकांना ओळखतही नव्हते. दोघांचा विषय एकच आहे हे सावकाश उमगत गेलं.

पुनर्स्थापनेची पहिली मोठी परीक्षा झाली ती फ्लोरिडातल्या किसिमी नदीवर. पूर आटोक्यात आणण्यासाठी १९६२ ते १९७१ या काळात १६६ किलोमीटरची ही नागमोडी नदी ९० किलोमीटरच्या सरळ, सुमारे नऊ मीटर खोल कालव्यात कोंबली गेली. पूरमैदान वाळलं, तिथे गुरांची कुरणं आली, आणि शेणखताचा फॉस्फरस आता वाटेत कुठे न थांबता खालच्या ओकीचोबी सरोवरात जाऊ लागला. कालवा पुरा होत होता तेव्हाच तो बुजवण्याची मागणी सुरू झाली. बुजवणं प्रत्यक्षात १९९९ ला सुरू होऊन २०२१ ला संपलं, आणि सुमारे ७० किलोमीटर पात्र पुन्हा वाहतं झालं. नदी सरळ करायला नऊ वर्षं लागली होती. तिचा काही भाग वाकडा करायला त्याच्या दुपटीहून अधिक वर्षं लागली आणि खर्च शंभर कोटी डॉलरच्या घरात गेला. काठ मोडणं स्वस्त असतं आणि जोडणं महाग, हा या विषयातला पहिला धडा आहे.

आपल्याकडचा तोलामोलाचा दाखला ओडिशातल्या चिलिका सरोवराचा. समुद्राकडे उघडणारं त्याचं मुख गाळाने अरुंद होत गेलं, खारं पाणी आत येईना, तण माजलं, मासळी घटली. १९९३ मध्ये धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत चिलिकाचं नाव गेलं. तिथल्या प्राधिकरणाने भरती-ओहोटीचा अभ्यास करून सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख उघडलं. खारेपणा परतला, मासळी कित्येक पटींनी वाढली, आणि २००२ मध्ये नाव त्या यादीतून निघालं. तिथे कुणी झाडं लावत बसलं नाही, फक्त पाण्याची वाट मोकळी केली.

आता या विद्येतल्या पंथांकडे वळू. पहिला पंथ आकाराचा. निरोगी ओढ्याची वळणं, रुंदी, उतार यांचं गणित मांडायचं आणि बिघडलेल्या ओढ्याला यंत्राने तोच आकार द्यायचा. अमेरिकेत डेव्ह रॉसजेन यांनी ओढ्यांचं वर्गीकरण करून हा मार्ग लोकप्रिय केला. सरकारी खात्यांना तो आवडतो, कारण त्याचा आराखडा काढता येतो आणि निविदा निघते. त्याचा प्रसिद्ध फजितीचा दाखला कॅलिफोर्नियातल्या उव्हास ओढ्याचा आहे. १९९५ च्या अखेरीस त्याला सुबक वळणं देण्यात आली आणि पुढच्याच फेब्रुवारीत आलेल्या पुराने ती वाहून नेली. त्या ओढ्याला त्या जागी तसं वळायचंच नव्हतं.

दुसरा पंथ क्रियेचा. त्याचं म्हणणं असं, की पाणी, गाळ आणि झाडोरा यांना मोकळीक आणि जागा द्या, आकार ते आपापला शोधतील. ओहायोमध्ये विल्यम मिच यांनी १९९४ मध्ये एकेक हेक्टरची दोन सारखी तळी खोदून दोन्हींत नदीचं सारखं पाणी सोडलं. एकात तेरा जातींच्या वनस्पती लावल्या, दुसरं मोकळं सोडलं. काही वर्षांतच मोकळं तळंही आपोआप हिरवं झालं आणि पाणी गाळण्याच्या कामात दोन्ही बऱ्याच अंशी सारखी ठरली. किनाऱ्यावर हाच वाद कांदळवनांच्या रोपांवरून चालतो. फ्लोरिडाचे रॉबिन लुइस आयुष्यभर सांगत राहिले, की आधी भरतीचं पाणी येतं-जातं का ते पाहा. ते येत असेल तर बिया स्वतः येतील, आणि येत नसेल तर लावलेली रोपं मरतील. ठाण्याच्या खाडीत तिवरांची दाटी कुणी लावून झालेली नाही. वृक्षारोपणाचे सोहळे करणाऱ्यांनी लुइस यांचं म्हणणं पाठ करावं.

तिसरा पंथ या दोघांहून जुना, पण पुस्तकांत सगळ्यात उशिरा शिरलेला. तो वहिवाटीचा. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळीत मच्छीमार आणि शेतकरी पिढ्यानुपिढ्या शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत घेतात, उन्हात शेवाळ वाढू देतात, त्या शेवाळावर मासे पोसतात आणि उरलेलं पाणी भाताला देतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याला शहराचं सांडपाणी जातं कुठे हे शोधताना ही व्यवस्था दिसली. पुढचं सारं आयुष्य त्यांनी ती जगाला समजावून सांगण्यात घालवलं. २००२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. गोव्याच्या खाजणांतही असंच शहाणपण आहे. बांधात बसवलेलं मानसाचं दार भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतं आणि ओहोटीला उघडतं. रायगडकडे अशा दारांना उघाडी म्हणतात. दार लाकडाचं असलं तरी ते राखायला गावकरी, म्हणजे गावाची सामाईक व्यवस्था, लागते. गावकरीचा कारभार ढिला पडला तशी बांधांना भगदाडं पडत गेली.

वहिवाट मोडली की पाण्याचं काय होतं, आणि ती पुन्हा कशी बांधता येते, याचं जवळून पाहण्याजोगं उदाहरण पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने तलाव बांधले. आज ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात आणि सहा हजारांहून अधिक आहेत. पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी वाहून नेणारा सलंग, आणि या सगळ्याची देखभाल करणारा गाव, अशी ती रचना होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. देखभाल कुणाचीच उरली नाही. काठच्या उथळ पाण्यात बेशरम नावाचं झुडूप पसरलं, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी पाणवनस्पती फस्त केल्या, देशी मासे अंडी घालायला जागा शोधत राहिले. मग काही गावांतल्या ढिवर समाजाने, त्यातही बायांनी, काम हाती घेतलं. उन्हाळ्यात तलावाची कड उघडी पडली की बेशरम मुळासकट खणून काढायची, काठचा तळ नांगरायचा, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागलं की जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून, चांगल्या राहिलेल्या तलावांतून आणलेल्या वनस्पती रोवायच्या. काही पाण्यात बुडून वाढणाऱ्या, काही पान वर तरंगत ठेवणाऱ्या, काही कडेच्या चिखलातल्या. कोणत्या खोलीला काय लागतं हे ढिवरांना ठाऊक होतं, कारण कोणता मासा कुठे राहतो हे ठाऊक होतं. मासे परतले, पाठोपाठ पक्षीही. आकाराच्या पंथाला जे आराखड्यातून मिळवायचं असतं आणि क्रियेच्या पंथाला जे निसर्गावर सोपवायचं असतं, ते इथे ज्याचं पोट काठावर आहे त्याच्या हातून झालं.

तरीही काठ म्हणजे सर्व रोगांवर उतारा नव्हे, आणि हे पुस्तक तसा दावा करत नाही, म्हणून मला ते विश्वासाचं वाटतं. नायट्रोजन हवेत जातो, फॉस्फरस जात नाही. तो मातीच्या कणांना चिकटून राहतो, आणि माती भरली की पुन्हा पाण्यात उतरतो. कारखान्यातून येणारे जड धातू पाणकणीस गिळून टाकत नाही, ते चिखलातच साठतात. महानगराचा अख्खा मैला ओढ्याकाठच्या गवतावर सोडला तर गवतच मरेल. पुणे-पिंपरीचं पाणी भीमेतून उजनीत उतरतं आणि जलाशय हिरवा पडतो. भिगवणजवळच्या उथळ पाण्यात दरवर्षी रोहित पक्ष्यांची गर्दी होते, म्हणून ते पाणी पिण्याजोगं होत नाही. आधी उगमाशी प्रक्रिया, मग उरलेल्यासाठी काठ, हा क्रम उलटा करता येत नाही.

दुसरा धोका नावाचा आहे. पात्राच्या दोन्ही अंगांना भिंती उभारून, वर फरशी आणि दिवे लावून त्याला 'नदी पुनरुज्जीवन' म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्या जागी फिरायला बरं वाटतं, पण पाण्याच्या बाजूने पाहिलं तर ते सुशोभीकरण आहे, कारण भिंतीला रुंदी नसते. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पूर्ववत करायचं म्हणजे कोणत्या पूर्वीसारखं? नांदूर मध्यमेश्वर हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी-कादवा संगमावर घातलेल्या बंधाऱ्यात गाळ साचून झालेलं आहे. माणसाच्या बांधकामातून जन्मलेली पाणथळही जपण्याजोगी असते. शोध मूळ रूपाचा नसून पाणी, गाळ आणि जीव यांच्या चालत्या नात्याचा असतो.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशात ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यांतले ५५ महाराष्ट्रात होते, इतर कोणत्याही राज्याहून जास्त. भारतातली रामसर स्थळं २०१४ मध्ये २६ होती, आता ८० च्या पुढे गेली आहेत. कागदावर पाणथळी वाढत आहेत आणि पाणी बिघडत आहे, अशी ही विचित्र गाठ आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीचं पात्र, भातखाचरं, मिठागरं आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येतून वगळले. मामा तलावांचं स्थान तिथे काय उरतं याचा विचार वाचकाने करावा. दुसरीकडे कायद्याने काठाला रुंदी दिल्याची उदाहरणंही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला ठरवला आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा याही रुंदीच्याच खुणा आहेत. त्या नकाशावर कुठे ओढायच्या यावरून शहरांत एवढी ओढाताण चालते, यावरूनच त्या जागेचं मोल कळावं.

या संग्रहातले लेखक एका पंथाचे नाहीत. काही जण आराखडे काढणारे आहेत, काही वनस्पती ओळखणारे, काही मच्छीमार संस्थांबरोबर काम केलेले. त्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा जागा पुस्तकात आहेत आणि संपादनात त्या गुळगुळीत केलेल्या नाहीत. खाडीकिनारी रोपं लावावीत की नाही, पाणी ओसरल्यावर गाळात पीक घेण्याला, म्हणजे गाळपेराला, परवानगी असावी की नसावी, शहरातला ओढा वाचवताना काठावरच्या वस्तीचं काय करायचं, यांवर दोन-दोन मतं सापडतील. एका गोष्टीवर मात्र सगळे एकत्र येतात. काठाची रुंदी ठरवताना तिथे राहणाऱ्या आणि तिथून पोट भरणाऱ्या माणसाला वगळलं तर ती रुंदी टिकत नाही. या विषयावर मराठीत सुटे लेख आणि शासकीय अहवाल आहेत. सगळा पट एका जागी आणि शेताबांधावरच्या शब्दांत मांडायचा हा प्रयत्न आहे. उघाडी, सलंग, चिबड हे शब्द इथे परिशिष्टात न टाकता वाक्यात वापरले आहेत, ते मला विशेष आवडलं.

वाचकाला एकच सुचवतो. पुस्तक वाचून झालं की आपल्या जवळच्या ओढ्यावर, तळ्यावर किंवा खाडीवर जा. मे महिन्यात पाण्याच्या कडेपासून पहिल्या भिंतीपर्यंत किंवा बांधापर्यंत पावलं मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. ऑगस्टात पुन्हा मोजा. या दोन आकड्यांमधली जागा पाण्याची आहे. पुढच्या वर्षी ती घटलेली दिसली, तर ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीत ती वही घेऊन उभे राहा.